बारा प्रेषितांचा चिखल

माझे सासरे मिंगेल लोपीस, आमचे बाबा, ओट्यावर उकिडवे बसून बादलीत चिखल कालवत होते.

"जरा पातळ झालाय, मिंगेलभाऊ," शेजारी खुर्चीत बसलेले पास्कलकाका म्हणाले. काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यात नोटांखेरीज कशात हात घातला नव्हता त्यांनी.

"मग टाका की मूठभर माती. नुसती जीभ काय चालवताय?"

"माती कुठली पण? बस्त्यावच्या बांधकामावरची असेल तर मला नको. तिच्यात सिमेंट असतं. पाय खाजतात."

"नर्सरीतली आहे. गुलाबाच्या कुंड्यांची."

"म्हणजे शेणखत असणार."

"गांडूळखत आहे. वास नाही त्याला. लावता आता, का फादरला बोलावू लावायला?"

पास्कलकाकांनी पँट दुमडली, एरंडेल घेताना करतात तसं तोंड केलं आणि उजवा पाय पुढे केला. बाबांनी त्याच्यावर चिखल थापला. मग मागे सरून, डोकं तिरकं करून, मूर्तिकाराने बघावं तसं बघितलं. "टाचेला थोडा कमी पडला," ते स्वतःशीच म्हणाले.

पवित्र गुरुवारची दुपार होती. मी दाराआड उभी होते आणि माझ्या खांद्यावर तीन महिन्यांची लेक आर्लिन पेंगत होती. मला हसू येत होतं आणि हसू येतंय याचा संतापही येत होता. तो चिखल कालवायला बाबांनी भरलेली कळशी ओतली होती, आणि आमच्या कुंपणापलीकडे टेकपाड्यात त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं.

हा चिखलाचा प्रकार काय, ते आधी सांगते. वसईच्या पट्ट्यात देवळं, म्हणजे चर्च, पुष्कळ, पण आमच्या आंबोडं गावासारखी मिजास दुसरीकडे नसेल. पवित्र गुरुवारी पायधुणी होते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या बारा प्रेषितांच्या जागी बसलेल्या बारा जणांचे पाय फादर गुडघ्यांवर बसून धुतात. हे बारा कोण, ते आमच्याकडे घराण्यांनी ठरवून टाकलेलं. बापाची खुर्ची मुलाकडे, मुलाची नातवाकडे. विधी नम्रतेचा, म्हणून त्याचा रुबाब सगळ्यांत मोठा. बाबांची खुर्ची वेदीपासून पहिली. ती दुसरी झाली असती तर त्यांनी धर्म सोडला असता.

दरवर्षी ही बारा माणसं आठवडाभर आधीपासून पाय घासत. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाबांच्या टाचा वजरीने घासायच्या, नखं काढायच्या, वर खोबरेल चोळायच्या. मग धुतलेले पाय धुऊन घ्यायला प्रेषित देवळात जायचे. शिवाय एक नेम होता: फादरने धुतलेल्या पायांवर ईस्टरची घंटा होईस्तोवर दुसरं पाणी घालायचं नाही. पुण्य वाहून जातं म्हणे.

त्या वर्षी फादर बोना नवे आलेले. पूर्ण नाव बोनाव्हेंचर, पण एवढं मोठं नाव त्यांच्या अंगावर सैल व्हायचं. झगाही तसाच सैल. आवाज फाटका, गाणं बेसूर, आणि प्रवचन इतकं आखूड की बायकांचे पदर नीट होईस्तोवर संपायचं. सकाळचा मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, आटोपला की सायकलला दोन कॅन अडकवून ते टेकपाड्यात जायचे. तिथल्या वारल्यांच्या पोरांची नखं कापायची, कुणा म्हातारीला दवाखान्यात न्यायचं, कुणाचं रेशनकार्ड करून द्यायचं. दुपारी कुणाच्या तरी झोपडीत सुक्या बोंबलाचं कालवण हादडायचं आणि तिथेच घोरत पडायचं. गावाने त्यांना नावच ठेवलं, वारल्यांचा फादर.

"आपण देवळासाठी फादर मागितला होता," बाबा म्हणायचे, "बिशपांनी पाड्यासाठी पाठवला."

तर ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा संपता संपता फादर बोना म्हणाले, "एक सूचना. गुरुवारी पायधुणीला येणाऱ्यांनी घरून पाय धुऊन येऊ नये. जसे असतील तसे या." एवढं बोलून खाली बसले.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बारा प्रेषितांची सभा भरली.

"टोमणा आहे हा," बाबा म्हणाले. "तुमच्या पायांना कधी माती लागत नाही, असं म्हणायचंय त्याला."

"मला वाटतं रोमहून काही नवीन निघालं असेल," बस्त्याव कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

"रोमला काय पडलंय तुझ्या पायांचं? हा आपल्याला शेतकरी करायला निघालाय. त्याला मातीचे पाय पाहिजेत? देऊ. असे मातीचे देऊ की धुता धुता त्याचे हात दुखले पाहिजेत!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फादरने दोन वाक्यं बोलावीत आणि या बारा शहाण्यांनी त्यातून चौदा अर्थ काढावेत. साधी गोष्ट साधी म्हणून ऐकायची आमच्या ओट्याला सवयच नव्हती.

पाण्याचं मात्र कुणी बोललं नाही. बोलणार कोण? त्या बारांतल्या निम्म्यांच्या विहिरींवर मोटारी बसवलेल्या होत्या आणि टँकर रात्रंदिवस नव्या सोसायट्यांकडे धावत होते. बाबांची विहीर सगळ्यांत खोल. तिच्या उपशाने आधी शेजारची बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, आटली, मग टेकपाड्यातला पाण्याचा खड्डा, मग देवळाची विहीर. फादरांनी आल्या आल्या देवळाच्या विहिरीवर पाड्यातल्या बायांना येऊ दिलं, तेव्हा याच बारांनी बोंब मारली होती की देवळाच्या पाण्याला बाहेरच्यांचा हात लागतो. विहीर आटल्यावर तेच म्हणाले, "बघा, बाहेरच्यांनी आटवली." स्वतःच्या मोटारीचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, हे मी त्या घरात शिकले.

पाड्यातली जिवली माझ्या आर्लिनला न्हाऊ घालायला यायची. माझा नवरा कुवेतला, माझी आई दूर. त्या दिवसांत जिवलीच्या हातांइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा नव्हता. पाय लांब करून ती बाळाला पोटऱ्यांवर निजवायची आणि ऊन पाणी असं सोडायची की आर्लिन रडणं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहायची. जिवलीची स्वतःची शुक्री आर्लिनपेक्षा थोडी मोठी. ती ओट्याच्या कडेला फडक्यावर पडून असायची.

त्या आठवड्यात सोमवारी जिवली उशिरा आली.

"खड्ड्याला पाणी नाय, बाय," ती म्हणाली. "वाटीवाटीनं भरत बसले. गढूळ हाय. पोरीला त्येच पाजलं."

मी तिला घरातल्या पिंपातून एक बरणी भरून दिली. ती फाटकाशी पोचली आणि नेमके बाबा समोरून आले. त्यांनी आवाज चढवला नाही. बरणी हातात घेतली, झाकण काढलं, परत आले आणि पाणी पिंपात ओतलं. एक थेंब सांडला नाही.

"सेलीन," मला म्हणाले, "तुझं मन मोठं आहे, चांगलं आहे. पण आज एक बरणी गेली की उद्या फाटकाशी वीस हंडे लागतात. पाण्याला एकदा वाट दिसली की ते थांबत नाही."

"बाबा, लहान पोर आहे तिचं."

"पोरं सगळ्यांचीच लहान असतात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. जिवलीने मात्र त्या दिवशीही आर्लिनला न्हाऊ घातलं होतं, भरपूर पाण्याने.

मंगळवारी फादर बोना स्वतः आले. चपला बाहेर काढून ओट्यावर बसले, आईंनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायले.

"मिंगेलभाऊ, एक टँकर पाड्यात द्या की. दिवसाआड."

"फादर, टँकर सगळे बांधलेले आहेत. धंदा आहे हा. पावसाळ्यानंतर बघू."

फादर विचारात पडले. "पावसाळ्यानंतर पाड्याला पाणी कशाला लागेल?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून. बाबांना काही तरी सुटतंय, ते आपण समजून घ्यावं, अशा चेहऱ्याने.

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही प्रार्थना करा ना, फादर. पाऊस पाडणं तुमच्या खात्यात येतं."

"करतो," फादर म्हणाले आणि बशी उचलून आत नेऊन ठेवली.

बुधवारी जिवली आली नाही. गुरुवारीही नाही. पाड्यातल्या एका म्हातारीने रस्त्यावरून ओरडून सांगितलं, शुक्रीला जुलाब लागलेत, डोळे आत गेलेत. मी तशीच निघाले होते, पण आईंनी दंड धरला. "तीन महिन्यांचं बाळ घेऊन कुठे निघालीस? मी सांगावा धाडते." सांगावा कुणाच्या हाती धाडणार होत्या, कोण जाणे. आणि नेमकं तेव्हाच, ओट्यावर, चिखल पातळ झाला होता.

संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. मी आर्लिनला घेऊन मागच्या दाराशी बसले. वेदीसमोर बारा खुर्च्या आणि खुर्च्यांवर बारा प्रेषित. पांढऱ्या पँटी गुडघ्याशी दुमडलेल्या, खाली काळेभोर चिखलाचे पाय. सगळं देऊळ माना उंच करून बघत होतं. पास्कलकाकांच्या घोट्यावर गुलाबाची एक पाकळी चिकटलेली होती. बस्त्यावने शेवटी आपल्याच साइटची माती वापरली असावी, कारण तो एका पायाने दुसरा पाय खाजवत होता.

फादर बोनांनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला. देवळाची देखभाल करणारा सांतान तांब्याचं घंगाळ आणि झारी घेऊन मागे उभा राहिला. त्याचा चेहरा रडवेला दिसत होता. फादर बाबांसमोर गुडघे टेकून बसले, त्यांचा पाय घंगाळावर धरला आणि झारी तिरकी केली.

काही पडलं नाही.

गायक मंडळाचं गाणं चालू होतं. फादरांनी झारी सरळ केली, सांतानकडे दिली, टॉवेलने बाबांचा पाय पुसला. वाळलेला चिखल कोरड्या टॉवेलने काय निघणार? खपल्या घंगाळात पडल्या, त्यांचा टपटप आवाज आला. मग त्यांनी वाकून त्या पायाचं चुंबन घेतलं. उठले तेव्हा ओठांना माती होती.

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, पण गाणं नेमकं तेव्हाच थांबलं आणि साऱ्या देवळाला ऐकू गेलं, "फादर, पाणी विसरलात."

"विसरलो नाही, मिंगेलभाऊ," फादर म्हणाले. "संपलं."

आणि ते दुसऱ्या खुर्चीकडे सरकले.

बाराही जणांचे पाय त्यांनी असेच धुतले. रिकामी झारी, कोरडा टॉवेल, चुंबन. बायका एकमेकींचे हात दाबत होत्या. मला वाटलं, या फाटक्या आवाजाच्या माणसाने असलं प्रवचन दिलंय की आंबोड्याच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आतून एक खुनशी आनंद होत होता. बरी जिरवली, मी मनात म्हणत होते. बरी जिरवली!

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. उपासाच्या दिवशी आमच्या ओट्यावर पुन्हा सभा. मोठा पेच पडला होता.

"पाय धुतले गेले, की नाही?" पास्कलकाकांनी विचारलं. "कारण धुतले गेले असतील तर ईस्टरपर्यंत दुसरं पाणी लावता येत नाही."

"पहिलंच लागलं नाही, तर दुसरं कुठलं?" बस्त्याव करवादला. त्याच्या पायांना पुरळ उठलं होतं. "मी तर आत्ता जाऊन धुणार."

"धू! खुशाल धू!" बाबा कडाडले. "म्हणजे तू स्वतःच्या तोंडाने कबूल करतोयस की यंदा पायधुणी झाली नाही. यंदा तू प्रेषित नव्हतास. मी नव्हतो. आपण नुसते चिखल लावून देवळात जाऊन बसलो होतो. तमाशातल्या सोंगासारखे!"

खरी गोष्ट इतक्या नेमकेपणाने त्या ओट्यावर प्रथमच बोलली गेली होती.

शेवटी ठरलं, पायधुणी झाली. मानासाठी माणूस काय सोसत नाही! आंबोड्याची बारा प्रतिष्ठित माणसं चिखलाचे पाय घेऊन गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला गेली, चिखलाच्या पायांनी जेवायला बसली. रात्री आईंनी बाबांच्या पायाखाली खताची गोणी अंथरली. "चादर माझी आहे," एवढंच म्हणाल्या.

बाबांना रात्रभर झोप लागली नसावी. शनिवारी सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "लोक काय बोलतायत माहीत आहे? लोपीसांच्या विहिरीवर दोन मोटारी आणि लोपीसांचे पाय कोरडे. आज ईस्टरसाठी देवळाला पाणी लागेल. मी देणार. असं देणार की फादरने तोंड उघडता कामा नये."

त्यांनी सगळ्यांत मोठा टँकर काढायला लावला. तो धुवायला लावला! पुढे झेंडूची माळ बांधली. ड्रायव्हरला सांगितलं, बाजारातून घे, हॉर्न वाजवत घे. स्वतः पुढे स्कूटरवर. आई म्हणाल्या, "चल, आपणही बघू," आणि त्यांनीच माझ्या कडेवरून आर्लिनला घेतलं आणि भराभर चालू लागल्या.

देवळाच्या आवारात ईस्टरच्या सजावटीला तीसएक माणसं जमलेली. टँकर आत शिरला तसे फादर बोना शिडीवरून उतरून धावत आले. बाबा छाती काढून उभे होते.

"फादर, गुरुवारी तुमचं पाणी संपलं होतं ना? हे घ्या. लोपीसांकडे पाण्याला तोटा नाही."

फादरांचे डोळे भरून आले. मी शपथेवर सांगते, भरून आले. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. मग सांतानकडून एक बादली घेतली, नळीखाली धरून भरली, ती देवळात नेऊन ठेवली आणि परत येऊन थेट ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

"चला."

"कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"टेकपाड्यात. मिंगेलभाऊ, देवळाची टाकी फुटकी आहे, बादलीभर बास झालं. पुढचा कधी पाठवाल?"

तीस माणसं बघत होती. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मला वाटतं एका बाईने. टँकरला माळ बाबांनीच बांधली होती, हॉर्न त्यांनीच वाजवायला लावला होता. सगळं आंबोडं त्या आवाजाने बाहेर आलं होतं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार, थांबा, हे पाणी दाखवायचं होतं, द्यायचं नव्हतं?

"परवा," ते म्हणाले. शब्द दाताखालून निघाला.

आम्ही टँकरमागोमाग पाड्यात गेलो. बाया हंडे घेऊन धावत होत्या. मी जिवलीची झोपडी गाठली. शुक्री तिच्या मांडीवर होती. काडी झालेली, पण डोळे उघडे, आणि छातीला लागलेली. मी तिथेच जमिनीवर बसले.

"फादरानं वाचवली," जिवली म्हणाली. "गुरवारी दुपारी पोर मान टाकाया लागली. दवाखान्याला कुलूप. मी देवळात पळाले. फादराकडं एक कॅन पाणी व्हतं. समदं उकळलं, मीठसाखर घातली, आन म्हणला, चमच्याचमच्यानं पाज, थांबू नको. सारा कॅन दिला, बाय. सांतान वरडत व्हता, फादर, पायांना काय? फादर म्हणला, पायांना काय व्हतंय?"

मी उठले. फादर बोना टँकरच्या नळीपाशी रांग लावत होते.

"फादर," मी म्हटलं, "गुरुवारी झारी रिकामी होती, ती..."

ते ओशाळले. कानापर्यंत लाल झाले. "फार वाईट झालं ते, सेलीन. पायधुणीसाठीच पाणी ठेवलं होतं, स्टेशनच्या नळावरून आणून. पण ते बाळ आलं. मग वेळ राहिला नाही. कुणाकडे मागायला गेलो असतो, पण... मागितलं की लोक नको म्हणतात, आणि मग पुढच्या वेळी भेटलं की त्यांनाच अवघड होतं. म्हटलं, आहे तसं करू. मिंगेलभाऊ रागावले असतील, नाही?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नाही केलंत?"

"मुद्दाम? पवित्र गुरुवारी?" ते दचकलेच.

"आणि ते, पाय न धुता या, म्हणून सांगितलंत ते?"

"पाणीटंचाईचे दिवस आहेत गं. बारा घरांत दोन-दोन बादल्या जाणार, वर देवळात आणखी. म्हटलं, एकदाच धुवू." मग ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. ते सगळे चिखल का लावून आले होते? आंबोड्यात काही नवस असतो का तसा?"

मी हसायला लागले ते थांबेना. आई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

ईस्टरच्या सकाळी, मिस्सा संपताना, फादर उठून म्हणाले, "एक सूचना. मिंगेल लोपीस यांनी टेकपाड्याला टँकर दिला. पाऊस लागेपर्यंत दिवसाआड देणार आहेत. मी त्यांचे आभार मानतो." आणि खाली बसले. देवळाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाबांना उभं राहावं लागलं, हात जोडावे लागले. दिवसाआड हे ते कधीच बोलले नव्हते. त्यांनी 'परवा' म्हटलं होतं आणि फादरांनी हिशेब सरळ केला होता. पण हात जोडता जोडता बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं. घरी आल्यावर पाय धुताना ते आईंना म्हणाले, "ऐकलंस, किती वेळ वाजत होत्या?"

त्यांचं मन वगैरे पालटलं, असं कुणी समजू नये. मोटारी चालूच राहिल्या, सोसायट्यांचे टँकर चालूच राहिले. फक्त एक पाड्याकडे वळू लागला. फादरांची बदली करा, असा बारा जणांचा अर्जही बिशपांकडे गेलाच, आणि त्यावर पहिली सही बाबांची होती. जूनमध्ये फादर बोनांची बदली झाली, दूर जव्हारकडे. नवे फादर आले. त्यांचं प्रवचन लांब, आवाज गोड. पायधुणीला ते कोमट पाणी वापरतात आणि त्यात गुलाबपाणी घालतात.

पण पुढच्या उन्हाळ्यात टँकर पाड्यात गेला. त्याच्या पुढच्याही. पहिल्या खेपेला माळ बांधून बाबा स्वतः पुढे स्कूटरवर असायचे. पाड्यातल्या बाया त्यांना ओवाळायच्या. घराण्याचा मान मिळवायला बाबांना काही करावं लागलं नव्हतं, हा मान मात्र दर उन्हाळ्याला नव्याने मिळवावा लागायचा. आईंना मी कधी म्हणायचे, बघा, सोंग चाललंय, तर त्या म्हणायच्या, "चालू दे. सोंगाचंही पाणी ओलंच असतं."

बाबा गेल्या मे महिन्यात वारले. माझी आर्लिन आता पायांत घोटाळत सतरा प्रश्न विचारण्याच्या वयाची झालीय, आणि धाकटा कडेवर. अंत्यविधीला आंबोडं आलं तेवढं आलं. बारांतले जे उरलेत, ते घड्याळ बघत उभे होते. पण टेकपाडा अख्खा उतरला. बाया ऊर बडवत होत्या. "पाणीवाला गेला, आमचा पाणीवाला गेला!" जिवलीचा टाहो सगळ्यांत मोठा. मी बघत होते आणि माझ्या ओठांवर ते जुनं हसू येत होतं. मेल्यावरसुद्धा या माणसाने फुकटचं पुण्य लाटलं.

मागच्या बाकावर फादर बोना होते. एसटीने आले होते, झग्याची कड धुळीने माखलेली, केस पांढरे झालेले. विधी संपल्यावर माझ्याजवळ आले. धाकट्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

"केवढी माणसं, सेलीन!" ते म्हणाले. "मिंगेलभाऊ फार मोठा माणूस होता."

"फादर," मी म्हटलं, "निदान तुम्ही तरी असं बोलू नका. तो टँकर कसा गेला, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"गेला ना पण? दर उन्हाळ्याला गेला. मी नव्हतो इथे, तरी गेला. कुणी जबरदस्ती केली होती का त्यांच्यावर?"

"तुम्ही केली होती."

"मी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की कुठेतरी, डोळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात, हा माणूस आपल्यासारखाच हसत असणार. मी शोध शोध शोधलं. तिथे हसू नव्हतंच. बाहेर रडणाऱ्या बायांकडे वळून ते स्वतःच डोळे पुसत होते.

"मी कसली जबरदस्ती करणार गं?" ते म्हणाले. "मी फक्त आभार मानले."